63 डोस: तान्ह्या बाळाच्या मेंदूतला हर्पिस आणि रिपोर्टच्या आधी सुरू होणारं औषध

(हा एपिसोड ऐकण्याऐवजी वाचायला आवडणाऱ्यांसाठी ही लेखी आवृत्ती. बोलताना मारलेले गोते थोडे सरळ केलेत, बाकी बरंचसं तसंच ठेवलंय.)

आजचा विषय जड आहे, आधीच सांगते. कुणी गरोदर असेल, कुणाच्या घरी तान्हं बाळ असेल, तर घाबरायला म्हणून ऐकू नका. आजार दुर्मिळ आहे. पण त्यावर उपचार आहे, आणि तो नेमका असाच का करतात हे समजून घेण्यासारखं आहे.

10 दिवसांपूर्वी मला एक व्हॉइस मेसेज आला. आवाज पंचविशीतल्या मुलाचा, मागे दवाखान्याच्या पॅसेजचा गलका. नाव-गाव सांगू नका म्हणालाय, सांगत नाही. त्याची मुलगी 16 दिवसांची होती. दोन दिवस ती दूध नीट ओढत नव्हती, नुसती झोपून राहायची. घरातले म्हणाले, किती शांत बाळ आहे. मग एका पहाटे तिचा डावा हात ठेक्यात उडायला लागला आणि धरून ठेवला तरी थांबेना. दवाखान्यात तिला काचेत ठेवलं, पाठीतलं पाणी काढलं आणि त्याच रात्री 10 वाजता एक औषध शिरेतून सुरू केलं. डॉक्टर म्हणाले, हर्पिसचा संशय आहे, रिपोर्टला वेळ लागेल, पण औषध आत्ताच द्यायचं. दोन दिवसांनी रिपोर्ट पॉझिटिव्ह आला.

मेसेज आला तो उपचाराचा 5वा दिवस. मुलगी दूध प्यायला लागली होती, झटके थांबले होते. आणि डॉक्टर सांगत होते की शिरेतून औषध एकूण 21 दिवस चालेल, त्यानंतर सहा महिने तोंडाने. घरातल्या मोठ्यांचं म्हणणं, पोर बरी झालीय, आता सही करून घरी न्या. त्याचा प्रश्न असा होता: "ताई, 21 दिवस खरंच लागतात का? का बिल वाढवायचं चाललंय?"

मी डॉक्टर नाही. फार्मसी शिकले आहे, औषध शरीरात जाऊन काय करतं हा माझा प्रांत. त्याला तेव्हा एवढंच कळवलं की डिस्चार्ज मागू नकोस, आणि डॉक्टरांना विचार की शेवटी पाठीतलं पाणी परत तपासणार आहात ना. का, ते सांगायला वेळ लागणार होता. तोच हा एपिसोड.

आधी नावाचा घोळ मिटवू. हर्पिस म्हटलं की आपल्याकडे लोकांना नागीण आठवते. नागीण वेगळी. ती कांजिण्यांच्या विषाणूची करामत. आज आपण बोलतोय तो तिचा चुलतभाऊ, हर्पिस सिम्प्लेक्स. याचे दोन प्रकार, एक आणि दोन. ओठाच्या कडेला बारीक पाणेरी फोडांचा घोस येतो, चुरचुरतो, खपली धरतो आणि जातो, ते बहुतेक वेळा प्रकार एकचं काम. आपण त्यांना तापाचे फोड म्हणून सोडून देतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या 50 वर्षांखालच्या सुमारे 64 टक्के लोकांच्या अंगात प्रकार एक आहे. म्हणजे हा एपिसोड ऐकणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या अंगात तो आत्ता, या क्षणी, मज्जातंतूंच्या गाठीत गप्प झोपलेला आहे. प्रकार दोन मुख्यतः जननेंद्रियांवर येतो, पण ही वाटणी काही काटेकोर नाही. तान्ह्या बाळाला दोन्हींपैकी कुठलाही होऊ शकतो.

मोठ्या माणसाला जो नुसता चुरचुरतो, तो बाळाच्या मेंदूपर्यंत का जातो? कारण नवजात बाळाची प्रतिकारशक्ती कच्ची असते. विषाणूला पहिल्याच नाक्यावर अडवणारी जी यंत्रणा असते ती अजून नीट उभी राहिलेली नसते. त्यामुळे डोळा, नाक, तोंड यांतून शिरलेला विषाणू मज्जातंतूंचा मार्ग धरून, रेल्वेचे रूळ धरून चालत जावं तसा, मेंदूपर्यंत पोचतो. किंवा रक्तातून सगळीकडे पसरतो.

बाळाला तो मिळतो कुठून? साधारण 85 टक्के वेळा जन्माच्या वाटेत, म्हणजे बाळंतपणात. 5 टक्के पोटात असतानाच. आणि उरलेल्या 10 टक्के बाळांना जन्मानंतर, कुणाच्या तरी ओठावरून किंवा हातावरून. या शेवटच्या गटाकडे मी परत येणार आहे.

इथे एक गोष्ट ठासून सांगते, कारण रिपोर्ट आला की घरात पहिली नजर आईकडे वळते. ज्या बाळांना हा आजार होतो त्यांच्यातल्या बहुसंख्य आयांना आपल्याला कधी हर्पिस झाला होता याची कल्पनाच नसते. त्रास झालेला नसतो, फोड दिसलेला नसतो. उलट ज्या बाईला हा जुना आहे, तिने बाळासाठी अँटिबॉडी तयार केलेल्या असतात आणि त्या नाळेतून बाळाकडे गेलेल्या असतात. अमेरिकेत केलेल्या एका मोठ्या अभ्यासात असं दिसलं की बाळंतपणाच्या वेळी जुना हर्पिस परत उठलेला असेल तर बाळाला संसर्ग होण्याची शक्यता 2 टक्क्यांच्या आसपास असते. पण गरोदरपणाच्या अगदी शेवटी आयुष्यातला पहिलाच संसर्ग झाला असेल, अँटिबॉडी बनायला वेळच मिळाला नसेल, तर ती 50 टक्क्यांच्याही वर जाते. म्हणून आधी कधी त्रास झाला असेल तर तो डॉक्टरांना सांगायचा, लाजायचं नाही. शेवटच्या महिन्यात गोळ्या देता येतात, कळा सुरू झाल्यावर फोड दिसले तर सिझेरियन करता येतं. 'गुप्तरोग' या शब्दाने आपल्याकडे जितकी माहिती गुप्त ठेवली, तितका तो रोग स्वतःही गुप्त नसेल.

आता आजाराच्या तीन तऱ्हा. पहिली: कातडी, डोळे आणि तोंड इथपर्यंतच राहिलेला. दुसरी: मेंदूचा. तिसरी: सर्वांगात पसरलेला, यकृत-फुफ्फुसांसकट. पहिलीवर वेळेत औषध मिळालं तर बाळं सहसा छान राहतात, म्हणून तिच्याबद्दल जास्त बोलत नाही. दुसरी आणि तिसरी यांच्यातला फरक मात्र मला वाचताना चक्रावून गेला. सर्वांगात पसरलेल्या आजारात मरणारी बाळं जास्त. पण जी वाचतात, त्यांतली बहुतेक पुढे नीट वाढतात. आजच्या उपचारांचा पाया घातलेल्या अभ्यासात हे प्रमाण 83 टक्के होतं. मेंदूच्या आजारात जवळजवळ सगळी बाळं वाचतात. पण वाचलेल्यांतली जेमतेम 31 टक्के वर्षभरानंतर नॉर्मल होती. बाकीच्यांना कमीजास्त अधूपण: हातपाय ताठ, फिट्स, नजर, बोलणं, शिकणं.

म्हणजे मेंदूच्या हर्पिसमध्ये 'बाळ वाचलं' हे उत्तर अर्धंच आहे. आणि 5व्या दिवशी दूध प्यायला लागलेलं बाळ पाहून घरी न्यायची घाई का करू नये, याचं मूळ इथेच आहे.

हे आकडे आले कुठून ते सांगते, कारण त्या कथेतच 21 दिवसांचं उत्तर दडलंय.

औषध नव्हतं तेव्हा मेंदूचा हर्पिस झालेली साधारण निम्मी बाळं दगावायची, सर्वांगाचा झालेली 85 टक्के. 1970च्या दशकात अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, बर्मिंगहॅमच्या विद्यापीठात रिचर्ड व्हिटली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक रुग्णालयांना जोडून घेऊन विडाराबिन नावाच्या औषधाची चाचणी घेतली. काही बाळांना औषध, काहींना नुसतं निष्क्रिय द्रावण. हे ऐकताना पोटात कसंतरी होतं, मला माहितीये. पण तेव्हा औषधाचा उपयोग होतो की त्याने बाळ आणखी बिघडतं, हेच कुणाला ठाऊक नव्हतं. 1980 मध्ये निकाल छापून आला: मेंदूचा किंवा सर्वांगाचा आजार असलेल्या बाळांतलं मृत्यूचं प्रमाण 74 टक्क्यांवरून 38 टक्क्यांवर आलं. त्यानंतर निष्क्रिय द्रावणाचा प्रश्नच मिटला.

विडाराबिनची एक कटकट होती. ते पाण्यात नीट विरघळत नाही, त्यामुळे भरपूर पाण्यात मिसळून तासन् तास द्यावं लागायचं. 3 किलोच्या जिवाला एवढं पाणी म्हणजे वेगळंच संकट. तोवर दुसरं औषध तयार झालं होतं: ॲसायक्लोव्हिर. आपल्या त्या मुलीला रात्री 10 वाजता जे सुरू झालं, ते हेच.

ॲसायक्लोव्हिरबद्दल थोडं लांबण लावते, कारण फार्मसीच्या वर्गात ज्या मोजक्या औषधांनी मला सरळ बसवलं त्यातलं हे एक. बरोज वेलकम या कंपनीत हॉवर्ड शेफर आणि गर्ट्रूड एलियन यांच्या गटाने ते शोधलं, 1977 मध्ये त्याची करणी जगापुढे मांडली. एलियनबाईंकडे पीएच.डी. नव्हती. रसायनशास्त्राची पदवी हातात असताना सुरुवातीला प्रयोगशाळांनी त्यांना बाई म्हणून नोकरी नाकारली होती. 1988 मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

त्या औषधाची गंमत अशी. विषाणूला वाढायचं तर स्वतःच्या डीएनएच्या प्रती काढाव्या लागतात. डीएनए म्हणजे लोकलचे डबे एकामागोमाग जोडत जाणं समजा. प्रत्येक डब्याला दोन्ही टोकांना कपलिंग असतं. ॲसायक्लोव्हिर हा तसाच दिसणारा डबा, पण त्याला एकाच बाजूला कपलिंग आहे. तो गाडीला जोडला जातो, आणि मग त्याच्या मागे पुढचा डबा लागूच शकत नाही. गाडी तिथेच संपली.

मग आपल्या पेशींची गाडी का अडत नाही? तर हा डबा रुळावर यायला त्याच्यावर तीन शिक्के लागतात. दुसरा आणि तिसरा शिक्का आपली पेशी मारते. पण पहिला शिक्का मारण्यात आपल्या पेशीला जवळजवळ रस नाही. तो मारतो विषाणूचाच एक एन्झाइम, थायमिडिन कायनेज. म्हणजे ज्या पेशीत विषाणू वाढतोय, तिथेच औषध जागं होतं. निरोगी पेशीत ते बहुतांशी तसंच पडून राहतं आणि लघवीवाटे निघून जातं. चोराच्याच हाताने चोराला बेडी घालायची, असा प्रकार.

पण याच गुणात त्याची मर्यादा आहे. विषाणू वाढत असेल तरच औषध चालतं. तो मज्जातंतूच्या गाठीत झोपून राहिला तर औषधाला करण्यासारखं काही नाही. आणि जी मेंदूपेशी मेली, ती कुठल्याही औषधाने परत येत नाही.

पुन्हा बर्मिंगहॅमला येऊ. 1991 मध्ये त्याच गटाने विडाराबिन आणि ॲसायक्लोव्हिर समोरासमोर तोलले. ॲसायक्लोव्हिरचा डोस तेव्हा दिवसाला किलोमागे 30 मिलिग्रॅम, मुदत 10 दिवस. निकाल बरोबरीत सुटला. ॲसायक्लोव्हिर द्यायला सोपं, म्हणून ते टिकलं. पण मेंदूच्या आजारातली सुमारे 14 टक्के बाळं अजूनही दगावत होती, आणि काहींमध्ये 10 दिवस झाल्यावर आजार परत डोकं वर काढायचा.

इथे थोडं गणित. रक्तात जेवढं ॲसायक्लोव्हिर असतं, त्याच्या साधारण निम्मंच मेंदूभोवतीच्या पाण्यात पोचतं. म्हणून डेव्हिड किम्बर्लिन, व्हिटली आणि मंडळींनी डोस दुप्पट केला, दिवसाला किलोमागे 60 मिलिग्रॅम, आणि मुदतही दुपटीहून जास्त, 21 दिवस. 2001 मध्ये निष्कर्ष आले. मेंदूच्या आजारातले मृत्यू 4 टक्क्यांवर. सर्वांगाच्या आजारातले 30 टक्क्यांच्या आसपास. या अभ्यासात निष्क्रिय द्रावणाचा गट नव्हता, तुलना आधीच्या बाळांशी होती, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण फरक इतका ठळक होता की जगभर तोच डोस झाला.

आता आपली मुलगी. वजन 3 किलो. किलोमागे 20 म्हणजे एका वेळी 60 मिलिग्रॅम, दर 8 तासांनी, दिवसातून 3 वेळा, 21 दिवस. 63 डोस. 5व्या दिवशी ती दूध पित होती तेव्हा यातले जेमतेम 15 झाले होते. विषाणूची वाढ मंदावली होती, संपली नव्हती. 10 दिवसांचा प्रयोग जगाने करून पाहिलेला आहे, तो परत एका बाळावर करायची गरज नाही.

आणि 21 हा शेवटचा शब्दही नाही. मुदत संपत आली की पाठीतलं पाणी परत काढतात. त्यात पीसीआर तपासणीत विषाणूचा डीएनए अजून सापडला तर औषध आणखी आठवडाभर वाढवतात आणि पुन्हा तपासतात. लोकांना वाटतं, बाळ बरं दिसतंय तर कशाला परत सुई टोचता. पण इथे बाळ कसं दिसतंय यापेक्षा ते पाणी काय सांगतंय हे मोठं. आणि पाणी काढल्याने बाळ लुळं पडतं ही भीती बाळगू नका. सुई घालतात ती जागा मज्जारज्जू संपतो त्याच्या खालची असते.

"मग तोंडाने द्या ना, घरी," हा पुढचा प्रश्न. नाही चालत. ॲसायक्लोव्हिर पोटातून फार कमी शोषलं जातं. मोठ्या माणसात 10 ते 20 टक्के. तेवढ्याने बाळाच्या मेंदूत पुरेशी मात्रा पोचत नाही. शिरेतूनच द्यावं लागतं, आणि तेही सावकाश, साधारण एका तासात. भसकन दिलं तर मूत्रपिंडाच्या बारीक नळ्यांत त्याचे स्फटिक अडकतात. म्हणून तो सिरिंज पंप, म्हणून बाळाच्या लंगोटाचं वजन करणाऱ्या सिस्टर, म्हणून क्रिएटिनिनसाठी रक्त. पांढऱ्या पेशीही उतरू शकतात, त्यामुळे त्यांचीही मोजणी. शिवाय हे द्रावण चांगलंच अल्कधर्मी असतं. शीर सोडून बाजूच्या मांसात गेलं तर कातडी भाजल्यासारखी होते. आपल्या श्रोत्याने विचारलं होतं की सारखी सुई का बदलतात, छळ वाटतो. छळ नाही. हात सुजलेला दिसला तर उलट तुम्हीच सिस्टरला हाक मारा.

सहा महिन्यांचं तोंडी औषध हा भाग त्यामानाने नवा. शंका अशी होती की 21 दिवसांनंतरही विषाणू मेंदूत अधूनमधून गुपचूप जागा होत असेल आणि थोडंथोडं नुकसान करत असेल. 2011 मध्ये किम्बर्लिन यांच्या गटाने याचं उत्तर दिलं. शिरेतला उपचार पूर्ण झालेल्या बाळांना सहा महिने तोंडी ॲसायक्लोव्हिर किंवा तसंच दिसणारं निष्क्रिय औषध. मेंदूच्या आजाराची 45 बाळं होती. वर्षाची झाल्यावर त्यांच्यातल्या 28 जणांची बौद्धिक वाढीची चाचणी झाली, ज्यात सरासरी 100 धरतात. औषध घेतलेल्यांची सरासरी 88, न घेतलेल्यांची 68. संख्या लहान आहे, मान्य. पण 68 आणि 88 मधला फरक म्हणजे शाळेत बसता येणं आणि न येणं असा फरक असू शकतो. तेव्हापासून हा उपचाराचा भाग झाला. डोस बाळाच्या शरीराच्या पृष्ठभागावरून काढतात, आणि बाळ महिन्यागणिक वाढतं, म्हणून डोसही दर महिन्याला वाढवून घ्यायचा. पहिल्या महिन्याची बाटली आणि तोच मापाचा ड्रॉपर सहा महिने चालवला तर शेवटी बाळाला अर्धंमुर्धंच औषध मिळेल. रक्ताची तपासणी दुसऱ्या आठवड्याला, चौथ्या आठवड्याला, मग महिन्याला.

आता मला सगळ्यात महत्त्वाच्या वाटणाऱ्या मुद्द्याकडे. औषध रिपोर्टच्या आधी का सुरू केलं.

वर एवढे डोस, एवढे दिवस सांगितले. या सगळ्यापुढे जी गोष्ट सारखी तोकडी पडली, ती म्हणजे पहिलं लक्षण आणि पहिला डोस यांच्यातला वेळ. त्याच संशोधकांनी 2001 मध्ये लिहिलंय की दोन दशकांत औषध सुधारलं, मृत्यू घटले, पण लक्षण दिसल्यापासून उपचार सुरू होईपर्यंत जे दिवस जातात, त्यांत काही फरक पडलेला नाही. दिवस, बरं का. तास नाही.

का जातात? कारण लक्षणं फसवी आहेत. सगळ्यांना वाटतं हर्पिस म्हणजे अंगावर फोड. मेंदूचा आजार झालेल्या बऱ्याच बाळांच्या अंगावर एकही फोड नसतो, निदान सुरुवातीला. ताप असतोच असं नाही. आजार साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात डोकं काढतो, म्हणजे दवाखान्यातून घरी येऊन, बारसं होऊन, सगळे निर्धास्त झाल्यावर. दूध ओढायचा कंटाळा, जास्त झोप, किंवा एकदम चिडचीड. अंग तापलेलं किंवा उलट गार. आणि झटके. तान्ह्या बाळाची आकडी सिनेमासारखी नसते. ओठ चाटत राहणं, सायकल चालवल्यासारखे पाय, एकटक नजर, मध्येच श्वास रोखून निळं पडणं, किंवा एकच हात ठेक्यात उडणं. उचलून धरल्यावरही हात उडायचा थांबत नसेल, तर ते नुसतं दचकणं नाही. मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि निघा. इथे फोनचा खरा उपयोग आहे.

अशी लक्षणं जंतुसंसर्गातही दिसतात, साखर कमी झाली तरी दिसतात. डॉक्टरांना एकाच वेळी चार गोष्टींचा संशय असतो. त्यामुळे ते अँटिबायोटिकही देतात आणि ॲसायक्लोव्हिरही, आणि मग तपासण्यांची वाट पाहतात. पाठीतल्या पाण्याचं पीसीआर, रक्ताचं पीसीआर, डोळे-तोंड-नाक-गुदद्वार इथले स्वॅब, यकृताच्या तपासण्या, मेंदूचा आलेख, एमआरआय. हर्पिस नाही असं नक्की झालं तर औषध बंद. चार दिवस विनाकारण दिलेलं ॲसायक्लोव्हिर नीट देखरेखीत बाळाला सहसा काही करत नाही. चार दिवस उशिरा दिलेलं मात्र भरून येत नाही. आणि एक मेख: अगदी सुरुवातीला काढलेल्या पाण्यात पीसीआर खोटं निगेटिव्ह येऊ शकतं. म्हणून संशय दाट असेल तर पहिला निगेटिव्ह रिपोर्ट हातात असूनही डॉक्टर औषध चालू ठेवतात आणि पाणी परत तपासतात. हे ऐकून 'यांना काही कळत नाही' असं म्हणायच्या आधी थांबा.

आता ते राहिलेले 10 टक्के. जन्मानंतरचा संसर्ग. आपल्याकडे बाळ म्हणजे अख्ख्या वाड्याचं. मावश्या, काकवा, शेजारच्या आजी, बाराव्या दिवशी बारसं, प्रत्येकाला मुका घ्यायचाय. ज्याच्या ओठावर ताजा फोड आहे त्याने तान्ह्या बाळाचा मुका घ्यायचा नाही, हातावरही नाही, कारण तो हात तोंडात जातो. वाईटपणा येतो, मला माहितीये. माझ्या भाचीच्या बारशाला मी दारावर 'बाळाचा मुका घेऊ नये' अशी पाटी लावली, तेव्हा एक आत्या अर्धा दिवस बोलली नाही माझ्याशी. आईच्याच ओठावर फोड असेल तर? तिने मास्क लावावा, हात धुवावेत, फोड सुकेपर्यंत मुका नको. अंगावर पाजायला हरकत नाही, फक्त स्तनावर फोड असेल तर त्या बाजूचं पाजायचं नाही.

बिलाचं बोलायला हवं, कारण प्रश्नाची सुरुवात तिथूनच होती. ॲसायक्लोव्हिर स्वतः जुनं, जेनेरिक औषध आहे. महाग पडतात ते काचेतले 21 दिवस. झेपत नसेल तर घरी नेणं हा पर्याय नाही, पण सरकारी रुग्णालयात हलवणं हा आहे. जिल्हा रुग्णालयांत आजारी नवजात बाळांसाठी खास कक्ष असतो, एसएनसीयू म्हणतात. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी दवाखान्यात वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला औषधं, तपासण्या, जाण्यायेण्याची गाडी मोफत मिळायला हवी. हलवायचं असेल तर डॉक्टरांना सांगून, पुढच्या ठिकाणी जागा आहे का ते विचारून, आणि कितवा डोस किती वाजता झाला हे कागदावर लिहून घेऊन. मधला एकही डोस चुकू नये.

घरी गेल्यावर काम संपत नाही. कानांची तपासणी, डोळ्यांची तपासणी, मान कधी धरली, बसलं कधी, याची नोंद. जिल्हा पातळीवर लवकर हस्तक्षेप केंद्रं आहेत, तिथे फिजिओथेरपी आणि वाढीची तपासणी होते. उशीर दिसला की लगेच व्यायाम सुरू करायचे, 'मुलं बोलतात उशिरा, हिचा बाप पण असाच होता' म्हणत वर्ष घालवायचं नाही. आणि अंगावर परत पाणेरी फोड आले, कितीही बारीक, की त्याच दिवशी दाखवायचं.

त्या मुलीचं पुढे काय होईल हे मी सांगू शकत नाही, तिचे डॉक्टरही आज सांगू शकणार नाहीत. एमआरआयमध्ये एका बाजूला थोडं दिसलंय. लक्षण दिसल्यापासून दोन दिवस गेले होते. झटका आल्यावर मात्र बापाने तास वाया घालवला नाही, आणि दवाखान्याने रात्र वाया घालवली नाही.

काल संध्याकाळी त्याचा पुन्हा मेसेज होता. 14वा दिवस. डिस्चार्जचा विषय घरात थांबलाय. आजी मास्क लावून पॅसेजमध्ये बसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हात धुवायला लावते. सुई काल परत बदलली, आता डाव्या पायात आहे. सकाळी 6, दुपारी 2, रात्री 10, असे डोस चालू आहेत. सिस्टर देतातच, पण त्याने स्वतःच्या फोनवर तीन अलार्म लावलेत आणि फोनच्या नोट्समध्ये प्रत्येकापुढे बरोबरची खूण करतो. दुपारी 2 चा झाला तो 42वा. 21 राहिलेत.